पानांतली सुपारी

माझ्या पलंगाशेजारच्या खिडकीत या घटकेला सात पुस्तकं आहेत आणि त्यांतली पाच दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली आहेत. घरी कुणी आलं की सूनबाई घाईघाईने सांगते, "नातीची आहेत हो, इथेच टाकून जाते." बिचारी माझी अब्रू झाकते. नात तर चित्रकलेतली, पुस्तकाला हात लावायची नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलं, मोठ्यांची म्हणतात ती पुस्तकंही पुष्कळ वाचली. म्हणजे ज्यांत एक माणूस खिडकीशी उभा राहतो आणि तीस पानं विचार करतो. मला तितका वेळ एका जागी उभं राहवत नाही. मुलांच्या पुस्तकात फार तर तिसऱ्या पानावर कुणीतरी घरातून निघतं, आणि ते निघालं की मी पदर खोचून त्याच्या मागे निघते. हा चळ मला बाबांमुळे लागला आणि बाबांना माझ्यामुळे. ते कसं, ते आता सांगूनच टाकते, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आमचं घर भद्रावतीला, कारखान्याच्या कॉलनीच्या भिंतीबाहेर, वस्तीत. भिंतीच्या आत रांगेतली क्वार्टर्स, मेंदीचं कुंपण, ऑफिसरांच्या मुली. भिंतीच्या बाहेर आम्ही. भोंगा मात्र दोन्हीकडे सारखाच ऐकू यायचा. पहाटेच्या भोंग्याला माय चूल पेटवायची, पुढच्या भोंग्याला बाबा सायकलवर टांग टाकायचे, आणि दुपारच्या भोंग्यानंतर अर्ध्या तासात सायकल परत दारात. मधल्या वेळात कोळशाचे ट्रक जायचे आणि फळीवरच्या थाळ्या थरथरायच्या. अंगणातल्या दोरीवर पांढरं काही वाळत घालायची सोय नव्हती, तरी माय बाबांचा विहारात जायचा सदरा घरात चुलीशेजारी वाळवून पांढराशुभ्र ठेवायची. पावसाळ्यात बाबांच्या गावाकडून, धानोऱ्याच्या पलीकडून, कुणी आलं की वास्ते यायचे. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. माय ते केसासारखे बारीक चिरायची, आणि ती भाजी, भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे असले की आम्ही तिघंही न बोलता जेवायचो. एरवी बाबांचं जेवण म्हणजे घास तोंडात आणि नजर दाराकडे. त्यांच्या अंगातच भिंगरी होती. घरी आले की सायकलची चेन काढ, कौलं सारख, बाजेची सुंभं ताणून बांध. बाज इतकी ताठ असायची की तिच्यावर झोपलं तर पाठ दुखायची. माय म्हणायची, "हा माणूस बसला तं समजा आजारी पडला." फक्त खर्रा घोटताना ते स्थिर बसत. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घेऊन अंगठ्याने घोटत राहायचे, तेवढीच काय ती त्यांची समाधी.

बाबांना शाळा मिळाली नव्हती. ज्या वयात मी दुसरीच्या वर्गात कविता घोकत होते त्या वयात ते गावच्या मालगुजाराची ढोरं राखत होते. कारखान्याच्या बांधकामावर मजूर म्हणून आले, पुढे आत लागले, आणि मिशा फुटल्यानंतर विहारातल्या वर्गात पोराटोरांच्या शेजारी मांडी घालून त्यांनी पाटी धरली. दोन वर्षांत वाचायला लागले. आणि माझ्या आठवणीत तर ते विहारातले वाचक होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आमच्याकडे रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचला जातो. चौरंगावर पांढऱ्या वस्त्रात ग्रंथ, समोर सतरंजीवर सगळी वस्ती, आणि वाचायला नामदेव भाऊ, म्हणजे माझे बाबा. वस्तीत त्यांच्याहून जास्त शिकलेले लोक होते, पण वाचायचा मान त्यांचा. ओळीखाली बोट फिरवत, एकही अक्षर न गाळता वाचायचे. कागदाचा छापील तुकडा खाली पडलेला दिसला तरी उचलून फळीवर ठेवणारा माणूस होता तो.

माझी शाळा कॉलनीतली. तिथे एक ग्रंथालय होतं, चार कपाटांचं, आणि दर शनिवारी ग्रंथालयाच्या बाई टेबलाशी बसून आम्हाला एकेक पुस्तक द्यायच्या. बाई मूळच्या पुण्याकडच्या, चष्मा दोरीला बांधलेला, आणि पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तर स्वतःचा कान पिळल्यासारखं तोंड करायच्या. मी तेरा वर्षांची होते. मलाही बाबांसारखंच बसवत नव्हतं. कुठेतरी जावं असं सारखं वाटायचं आणि जायला एसटीने चंद्रपूरपलीकडे काही नव्हतं. म्हणून मी पुस्तकं खात होते. त्या पावसाळ्यात हाती लागली ती तीन भागांची एक गोष्ट. दोन भावंडं हरवलेल्या काकाला शोधायला नावेतून नदीच्या उगमाकडे जातात, अशी. पहिला भाग मी दोन दिवसांत संपवला. मग तो शनिवारपर्यंत दप्तरात न जाता घरी फळीवरच राहिला. शनिवारी परत करताना पानं फडफडवली तर बारीक तपकिरी कण खाली पडले. मला वाटलं, आधीच्या कुणीतरी काहीतरी खात वाचलेलं दिसतं.

एक दिवस शाळेत शोकसभा होऊन लवकर सुटी झाली. घरी आले तर माय तांदूळ दळायला गिरणीवर गेलेली, आणि मागच्या पडवीत, त्या ताठ बाजेवर, बाबा. पाय वर घेऊन, ओठ हलवत, ओळीखाली बोट फिरवत. दुसरा भाग. गालात खर्रा. मी दारात उभी आहे हे त्यांना पुष्कळ वेळ कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी पुस्तक ढुंगणाखाली सरकवलं आणि म्हणाले, "काऊन आलीस इतक्या लवकर?"

"तुम्ही काय करून राह्यले, बाबा?"

"काई नाई. तुह्या पुस्तकाची शिलाई सुटली का पाहून राह्यलो."

मी हसायला लागले. तेही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल. मग हळूच म्हणाले, "मायले नको सांगू." मायला अर्थातच सगळं माहीत होतं. ती उगाच गिरणीवर जाऊन दोन तास बसायची नाही.

त्यानंतरचे तीनेक आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असावेत. सुखाचे म्हणते, पण स्वस्थ मात्र नाहीत. बाबा कामावरून आले की सायकल लावायच्या आधी माझ्याकडे बघायचे. पुस्तकातल्या मुलांवर त्यांचा जीव होता आणि लेखकावर राग. "ह्या लेखकानं जंगल पाह्यलंच नाई," ते म्हणायचे. "पोरं मोहाच्या झाडाखाली झोपली, तेही फुलं गळायच्या दिवसात. अस्वल येते ना तिथी. त्या पोरांले कोणी सांगत काऊन नाई?" मी म्हणायची, गोष्टच आहे ती. "म्हणून का झालं? पोरं तं पोरंच आहेत ना." आणि रागावून उठायचे, बाजेला एक फेरी मारायचे, पुन्हा बसायचे. आणखी एक गंमत झाली. विहारात ते ग्रंथ वेगळाच वाचायला लागले. राजपुत्र घर सोडून निघतो त्या प्रसंगाला, घोडा दाराशी उभा, आईच्या कडेवर मूल, राजपुत्र त्याच्याकडे शेवटचं बघून वळलेला, आणि बाबांनी ग्रंथ मिटला. "उरलं उद्या." सतरंजीवर चुळबुळ. आमच्या शेजारची म्हातारी गिरजाबाई, जिला ही कथा तोंडपाठ होती, तीच म्हणाली, "भाऊ, असं नका करू. घराच्या भाईर तं पडू द्या त्याले." बाबांनी तरीही ग्रंथावर वस्त्र घातलं. दुसऱ्या दिवशी सतरंजी पुरली नाही.

दुसरा भाग संपतो तिथे नदीला पूर येतो, बहीण या काठावर, भाऊ त्या काठावर, आणि नाव वाहून गेलेली. तिसरा भाग काही केल्या मिळेना. दोन शनिवार बाईंनी सांगितलं, "बाहेर गेलाय." म्हणून मी दुसरा भागच पुन्हा पुन्हा नावावर चढवून आणत होते आणि बाबा शेवटची पानं पुन्हा पुन्हा वाचत होते. जेवताना मध्येच विचारायचे, "पोराजवळ चाकू होता ना वं?" माय कपाळावर हात मारायची. तिसऱ्या शनिवारी बाईंनी पुस्तक उघडलं, वास घेतला, आणि टेबलावर एक कोरा कागद पसरून त्यावर ते उलटं धरून झटकलं. चिमूटभर सुपारी पडली, तंबाखूसकट. त्यांनी त्याची पुडी बांधली, जशी काही पोलिसात द्यायची आहे. "पुढच्या शनिवारी वडिलांना घेऊन ये," त्या म्हणाल्या. "तेराव्या वर्षी हे धंदे. तोवर पुस्तक नाही." रांगेतल्या मुली माझ्या दातांकडे बघायला लागल्या.

बाबा विहारात जायचा पांढरा सदरा घालून आले. रांग टेबलापासून दारापर्यंत होती, आणि सर्वांत पुढे वैशाली, ऑफिसरची मुलगी, जिच्या शेजारी मला वर्गात बसायला मिळायचं आणि त्याचा मला फार अभिमान होता. बाईंनी पुडी सोडली. बाबांनी ती बघितली आणि लगेच म्हणाले, "हे माह्यं आहे, बाई. मी खातो खर्रा. पोरीनं कधी तोंडाले नाई लावलं." बाई म्हणाल्या, "बरं. पण मग पुस्तकात कसा आला?"

कोणी काही बोलण्याआधी वैशालीच बोलली. फार हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अय्या, हिचे बाबा गोष्टीची पुस्तकं वाचतात." हसू टेबलापासून निघालं आणि दारापर्यंत गेलं. मी काय केलं ते लिहायला इतकी वर्षं लागली. मी बाबांजवळून दोन पावलं बाजूला सरकले. नुसती दोन पावलं. पण बाबांनी ती बघितली. माझ्या पायांकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि म्हणाले, "मले वाचता कुठी येते, बाई. अनपढ माणूस आहो मी. चित्रं पाहून राह्यलो होतो."

हसू थांबलं. बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी खालचा खण उघडून प्रौढ साक्षरतेची एक पातळ पुस्तिका काढली. "लाजायचं नाही," त्या म्हणाल्या. "शिकायला वय नसतं. मुलीकडून रोज एक अक्षर गिरवून घ्या." पहिलं पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा, हा क. कमळाचा क. म्हणा."

"क," बाबा म्हणाले.

त्यांनी पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली, बाईंना नमस्कार केला. सायकलवर मी मागे बसले होते. कॉलनीचं फाटक, चहाची टपरी, रेल्वे फाटक, सगळं मागे टाकत ते पायडल मारत राहिले. घरी आल्यावर त्यांनी पुस्तिका फळीवर ठेवली. त्या संध्याकाळी विहारात त्यांनी ग्रंथ सरळ वाचला, कुठे न थांबता, धडा संपेपर्यंत. गिरजाबाईने विचारलं, "भाऊ, तब्येत बरी नाई का?" म्हणाले, "बरी आहे." त्यानंतर त्यांनी माझ्या पुस्तकांना हात लावला नाही. मी मुद्दाम बाजेवर टाकून जायची. परत यायची तो पुस्तक माझ्या दप्तरात व्यवस्थित ठेवलेलं असायचं. पानं झटकून बघायची. काही पडायचं नाही. आठवड्यात दोनदा त्यांनी बाजेची सुंभं सोडून पुन्हा बांधली. शिफ्टहून आले की अंगणात नुसते या टोकापासून त्या टोकाला फिरायचे.

पुष्कळ वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे की ज्यांचं बालपण हुकलं ती माणसं मुलांची पुस्तकं वाचतात. ऐकायला बरं वाटतं. पण मग माझं काय? माझं बालपण तर त्या माणसाने मला पुरेपूर दिलं, वास्त्यांच्या भाजीसकट, तरी मी वाचतेच आहे. आता मला वाटतं, माझं ते सांगणं अर्धवट होतं. मोठ्यांच्या गोष्टीत जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं असतं. मुलांच्या गोष्टीत अजून काहीच ठरलेलं नसतं. चाळिशीच्या माणसालाही, रोज त्याच भोंग्यावर जाणाऱ्या माणसालाही, काहीच ठरलेलं नाही असं तासभर वाटावं, यात हसण्यासारखं काय आहे? पण हे मला तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की घरातला एक माणूस बंद झाला आहे आणि ते मी केलं आहे.

मायने एक दिवस तांदूळ निवडता निवडता विचारलं, "तुह्या बापाचं मन लागून नाई राह्यलं. शाळेत काय झालं?" मी सगळं सांगितलं, दोन पावलांसकट. वाटलं, मारेल. तिने सूप खाली ठेवलं. "मले अक्षर येत नाई," ती म्हणाली. "मले त्याची लाज नाई. पण ज्या माणसानं मिशा फुटल्यावर पाटी धरली, त्याले तू अंगठेबहाद्दर केलीस. चार पोट्ट्यांपाई."

शनिवारी मी पुस्तिका घेऊन रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. खोटं बोलल्याबद्दल नाव कायमचं कापलं जाईल अशी भीती होती, आणि नाव कापलं तर बाबांचंही वाचन गेलं. मी पुस्तिका टेबलावर ठेवली आणि मागच्या मुलीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, बाबांना वाचता येतं. ते आमच्या विहारात ग्रंथ वाचतात. आणि माझी गोष्टीची पुस्तकं तेच वाचत होते." मागे खसखस पिकली. वैशाली होतीच. मी जागची हलले नाही.

बाईंनी चष्मा काढला. "मग त्या दिवशी 'क' म्हणाले ते?"

"मला लाज वाटत होती म्हणून म्हणाले."

बाईंनी पुस्तिका उचलून खालच्या खणात परत ठेवली. मग विचारलं, "कुठपर्यंत आलेत ते?"

"दुसरा भाग संपला. मुलगा पलीकडच्या काठावर अडकला आहे. तिसरा मिळत नाही म्हणून..."

बाई कपाटाकडे गेल्या नाहीत. त्यांनी खुर्चीला अडकवलेली स्वतःची पिशवी उचलली, डब्याखालून एक पुस्तक काढलं, आणि रांगेतल्या सगळ्या मुलींदेखत त्यांचा चेहरा गोरामोरा झाला. तिसरा भाग. महिनाभर बाहेर गेलेला. शेवटाशी केसांची एक पिन खोचलेली. "माझी चाळीस पानं राहिलीत," त्या म्हणाल्या, जणू मीच बाई आणि त्या मुलगी. "पण त्यांना आधी दे. सोमवारी मात्र आण." आणि मागच्या मुलींकडे बघून म्हणाल्या, "हसून झालं असेल तर पुढची या."

घरी धावतच आले. बाबा अंगणात सायकल उलटी करून बसले होते. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. "बाईनं देल्लं," मी म्हणाले. "तुमच्यासाठी."

"काय सांगतली तू?"

"खरं ते."

"हासले?"

"हासले."

त्यांनी हातातली चेन खाली ठेवली. मग त्यांना पिन दिसली. "हे कोणाचं?"

"बाईचं. त्याच वाचून राह्यल्या होत्या. त्यांची चाळीस पानं बाकी आहेत, पण म्हणाल्या, बाबांले आधी दे."

बाबांनी हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि पुस्तक घेऊन मागच्या पडवीकडे निघाले. अर्ध्यावर थांबले. परत फिरून पुढच्या ओट्यावर येऊन बसले, जिथून शिफ्टची माणसं सायकलवरून जात होती. एकाने विचारलं, "काय वाचून राह्यले, नामदेव भाऊ?" बाबा मान वर न करता म्हणाले, "गोष्ट." माय दारात येऊन उभी राहिली. मला राहवत नव्हतं. वाटेत दम घ्यायला थांबले तेव्हा मी पुढची काही पानं चाळली होती आणि पुराच्या त्या पाण्याचं काय झालं हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. "बाबा, तो पोरगा ना..." मी म्हणाले. बाबांनी ओळीखालचं बोट न हलवता दुसऱ्या हाताने मला थांबवलं.

"नको सांगू," ते म्हणाले. "मले माह्या पायानं जाऊ दे तिथपर्यंत."